घरच्या अंगणात जॅक-स्टँडवर गाडीचा गिअरबॉक्स कसा उतरवावा

क्लच प्लेट बदलायची असो, गिअर अडकत असोत किंवा बॉक्समधून बेअरिंगचा आवाज येत असो, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत या सर्व कामांसाठी आधी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. खाली दिलेली पद्धत बोलेरो किंवा टाटा सुमोसारख्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांचे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असते, बॉक्स त्याच्या मागे सरळ रेषेत असतो आणि चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन मजबूत पट्ट्या जॅक-स्टँडला (उचललेल्या गाडीखाली लावायच्या लोखंडी आधाराला) टेकायला मिळतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारींत रचनाच वेगळी असते. त्यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू पडणार नाही.

अशा गाडीचा पाच गिअरचा बॉक्स साधारण 40 किलोच्या आसपास किंवा त्याहून जड भरतो, आणि फोर-व्हील-ड्राइव्हची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) त्याला जोडलेली असेल तर वजन आणखी वाढते. उभ्याने 40 किलोचे पोते उचलणारा माणूससुद्धा पाठीवर झोपून, हात वर करून तेवढे वजन सांभाळू शकत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या क्षणी वजन कशावर आहे? त्याचे उत्तर ‘माझ्या हातावर’, ‘बॉक्सच्या शाफ्टवर’ किंवा, गाडीच्या वजनाबाबत, ‘नुसत्या जॅकवर’ असे येत असेल, तर तिथेच थांबावे.

जागा आणि उंची

सलग ओतलेले काँक्रीट ही या कामासाठी सर्वांत चांगली जमीन आहे. आपल्याकडे अनेक अंगणांत मुरुमावर शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. गाडी चारही चाकांवर उभी असते तेव्हा त्यांना काही होत नाही, पण स्टँडच्या लहानशा पायांवर तोच भार एकवटला की फरशी तडकते किंवा ब्लॉक खचतो. दुसरी जागाच नसेल तर प्रत्येक स्टँडखाली त्याच्या पायांपेक्षा मोठी जाड लोखंडी प्लेट ठेवावी. उतार असलेल्या जागी हे काम करूच नये. विटा आणि सिमेंटचे ठोकळे आधार म्हणून कधीही वापरू नयेत, कारण ते कोणतीही सूचना न देता एका क्षणात फुटतात.

उंचीचा हिशेब गाडी उचलण्यापूर्वी करावा, कारण घरी काम करणारे बहुतेक जण नेमके इथेच अडकतात. बॉक्स सुटतो, जॅकवर खाली येतो आणि मग चॅसिसच्या पट्टीखालून बाहेरच निघत नाही. बेल हाउसिंगची, म्हणजे बॉक्सच्या पुढच्या रुंद घंटेसारख्या भागाची, उंची टेपने मोजावी, तीत जॅकची सर्वांत खालची उंची मिळवावी आणि वर चार बोटे जागा धरावी. बेल हाउसिंग 40 सेंटिमीटरचे आणि जॅक खाली 14 सेंटिमीटरचा असेल, तर गाडीच्या कडेखाली साधारण 60 सेंटिमीटर मोकळी जागा लागेल. तेवढी उंची सुरक्षितपणे मिळत नसेल, तर बॉक्स जॅकवरून प्लायवूडच्या तुकड्यावर उतरवून प्लायवूडसकट बाहेर ओढावा. स्टँड त्यांच्या मर्यादेपलीकडे उंच करू नयेत किंवा त्यांच्याखाली थर रचू नयेत.

गाडी उचलताना पुढची बाजू एकदम पूर्ण वर घेऊ नये. पुढची बाजू स्टँडच्या मधल्या खाचेपर्यंत, मग मागची, मग पुन्हा पुढची, असे टप्प्याटप्प्याने जावे, आणि जी चाके जमिनीवर असतील त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. ट्रॉली जॅकचा हात वर येताना गोलाईत फिरतो, त्यामुळे जॅक स्वतः थोडा पुढे सरकला पाहिजे. खडबडीत जमिनीत त्याची चाके अडली तर जॅकची वाटी चॅसिसवरून घसरते. म्हणून जॅकच्या चाकांपुढची जागा आधी झाडून घ्यावी. पुढचे स्टँड चॅसिसच्या पट्ट्यांखाली आणि मागचे ॲक्सलच्या नळीखाली बसवावेत. बॉक्स ज्या बाजूने बाहेर काढायचा तिथली वाट मात्र मोकळी ठेवावी. चारही स्टँड बसले की गाडी कडेने जोर लावून हलवून पाहावी. ती हलली किंवा एखादा पाय किंचित उचलला गेला, तर सगळे पुन्हा खाली घ्यावे. त्यानंतरही स्टेपनीचे चाक चॅसिसखाली आडवे ठेवावे.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) सुटल्यावर त्या गिअरचा चाकांशी काही संबंध उरत नाही, आणि मागची चाके हवेत असतील तर हँडब्रेकही गाडी धरून ठेवत नाही. जुन्या विलीज जीपमध्ये तर हँडब्रेकच ट्रान्सफर केसच्या मागे असतो, म्हणजे शाफ्टबरोबर तोही निकामी होतो. गाडी जागेवर राहते ती केवळ स्टँड नीट बसल्यामुळे.

सोडवण्याचा क्रम

बॅटरीची निगेटिव्ह तार सर्वांत आधी काढावी, कारण स्टार्टरच्या जाड तारेत चावी बंद असतानाही वीज असते आणि पाना चॅसिसला टेकला की ठिणगी उडते. मग गिअरबॉक्सचे तेल काढावे, पण खालचा बोल्ट खोलण्यापूर्वी तेल भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो आहे याची खात्री करावी. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढले असेल, तर नवे तेल भरायला वाट राहत नाही. केबिनमधून गिअरचा दांडा काढावा आणि उघड्या भोकात स्वच्छ फडके घालावे.

प्रॉपेलर शाफ्टच्या जोडावरील दोन्ही फ्लॅन्जवर (एकमेकींना बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) रंगाने किंवा छिन्नीने आरपार खूण करून मगच त्याचे बोल्ट सोडावेत, कारण तो परत त्याच जागी बसला नाही तर गाडी वेगात थरथरते. त्यानंतर स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, क्लचचा स्लेव्ह सिलेंडर (पेडलचा दाब नळीतून क्लचपर्यंत पोहोचवणारा भाग) आणि स्टार्टर बाजूला करावेत. स्लेव्ह सिलेंडर नळी न सोडता तसाच वर बांधून ठेवता येतो. त्यानंतर क्लचचे पेडल मात्र कोणी दाबू नये, नाहीतर पिस्टन बाहेर येतो.

पुढे क्रॉस मेंबर, म्हणजे बॉक्सला खालून पेलणारा आडवा दांडा, सोडायचा असतो, आणि तो सुटला की इंजिनची मागची बाजू खाली झुकते. म्हणून आधी ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, मागच्या कडेला रुंद लाकडी ठोकळा देऊन इंजिनखाली स्वतंत्र आधार लावावा. चेंबरच्या मधल्या पातळ पत्र्यावर एका जागी भार देऊ नये, तो आत दबतो. बॉक्सखाली ट्रॉली जॅक घ्यावा. त्याची वाटी लहान असते, त्यामुळे तिच्यावर बॉक्सच्या आकाराची लाकडी चौकट ठेवून रॅचेट पट्ट्याने बॉक्स जॅकला घट्ट आवळावा. आता क्रॉस मेंबर काढावा आणि इंजिन किंचित, हळूहळू, मागे झुकू द्यावे. त्याने बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टपर्यंत लांब एक्स्टेन्शन आणि गोटी (सॉकेट पाना) पोहोचते. झुकवताना पुढे पंखा रेडिएटरच्या आवरणाला किंवा पाइपला लागत नाही ना, हे दुसऱ्या माणसाने पाहावे.

शेवटचे दोन बोल्ट समोरासमोरच्या बाजूंचे ठेवावेत. वरच्या दोन भोकांत त्याच आट्यांचे, डोकी कापलेले लांब बोल्ट बसवले तर बॉक्स त्यांच्यावरून सरळ मागे सरकतो. ही साधी युक्ती परत जोडताना तर फारच उपयोगी पडते. शेवटचे बोल्ट सुटले की बॉक्स टॉमीने (लोखंडी दांड्याने) अलगद मोकळा करून इंजिनच्याच कोनात, जॅकसह, मागे न्यावा. इनपुट शाफ्ट, म्हणजे बॉक्सच्या पुढून निघणारा दांडा, क्लच प्लेटच्या खाचांतून पूर्ण बाहेर येईपर्यंत बॉक्स खाली घेऊ नये. अर्धवट बाहेर आलेल्या शाफ्टवर बॉक्स लोंबकळला तर क्लच प्लेटची मधली चकती वाकते, आणि नवी प्लेटही अशी वाया जाते. या वेळी कोणाचेही डोके, छाती किंवा पाय बॉक्सखाली नसावेत. मदतनीस कडेला असावा आणि बॉक्स सुटून पडू लागला तर तो पकडायचा नाही, पडू द्यायचा, हे आधीच ठरलेले असावे.

खाली आल्यावर काय पाहावे

बॉक्स उतरवण्याची मेहनत एकदा झाली की केवळ क्लच प्लेट बदलून थांबणे मला पटत नाही. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) नवीनच घालावे, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचे टोक जिथे टेकते ते) बोटाने फिरवून पाहावे आणि फ्लायव्हीलच्या मागचे ऑइल सील ओले दिसल्यास तेही बदलावे. दोन महिन्यांनी त्याच सीलमधून तेल नव्या प्लेटवर आले तर हे सगळे काम पुन्हा करावे लागते. बेल हाउसिंगमधली काळी भुकटी हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते.

नवी प्लेट मध्यावर बसवण्याचे साधन वापरून, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळावेत. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. जास्त झाल्यास ते फिरताना उडून अस्तरावर जाते. बॉक्स परत चढवताना तो गिअरमध्ये टाकून मागचा फ्लॅन्ज हळू फिरवावा, म्हणजे खाचा जुळतात. बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्या कडा हाताच्या जोराने पूर्ण भिडल्या पाहिजेत. फट राहिली म्हणून बोल्ट आवळून बॉक्स ओढू नये, कारण त्यात बेल हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लच प्लेट खराब होते. अशा वेळी बॉक्स थोडा मागे घेऊन कोन पुन्हा जुळवावा.

बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत आणि त्यात सांगितलेल्या दर्जाचेच तेल भरावे. जीएल-4 सांगितले असताना जीएल-5 घातल्यास काही बॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) ते मानवत नाही. तेल वरच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरायचे असते, आणि हे माप गाडी सपाट असतानाच बरोबर येते. गाडी खाली घेण्यापूर्वी इंजिन बंद ठेवूनच सगळे गिअर हाताने टाकून पाहावेत. खाली घेतल्यावर जवळच एक फेरी मारून बॉक्सच्या सांध्यांवर तेल ओले दिसते का ते तपासावे आणि प्रॉपेलर शाफ्टचे चारही बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून पाहावेत.