सुभग ओळखताना या चुका टाळा

दाट पानांत चिमणीहून लहान, पिवळट हिरवा पक्षी हलला की पुष्कळ जण ‘सुभग’ अशी नोंद करून मोकळे होतात आणि नेमके तिथेच फसतात. पिवळा रंग हा सुभगाच्या ओळखीतला सर्वांत कच्चा पुरावा आहे, कारण चष्मेवाला आणि शिंजिराची मादी या लहान पक्ष्यांच्या अंगावरही तो असतो.

म्हणून आधी पंख पाहावेत. सुभगाच्या गडद पंखांवर पांढरे आडवे पट्टे असतात आणि ते नर व मादी दोघांतही दिसतात. चष्मेवाल्याला असे पट्टे नसतात. त्याच्या डोळ्याभोवती पांढरे कडे असते व तो सहसा थव्याने फिरतो, तर शिंजिराच्या मादीची चोच लांब आणि बाकदार असते. खालून पाहताना आकाशाच्या उजेडामुळे पंख नीट दिसत नसतील, तर घाईने नाव ठरवू नये. पानांखालच्या अळ्या व किडे टिपण्यासाठी हा पक्षी अनेकदा उलटा लटकतो, तेव्हा थोडे थांबल्यास पंखांची वरची बाजू दिसण्याची संधी मिळते.

दुसरी चूक ऋतू विसरण्याची. विणीच्या हंगामात नराचे डोके व पाठ काळी दिसू शकते, पण हंगाम सरला की हा काळा रंग बराच ओसरतो आणि नर मादीसारखा भासतो. अशा वेळी शेपटी पाहावी: नराची काळी राहते, मादीची हिरवट असते. मात्र शेपटीत ठळक पांढरा रंग दिसला, तर तो कोरड्या प्रदेशांतला मार्शलचा सुभग, म्हणजे सुभगाची वेगळी जात, असू शकतो.

आवाजावरून संख्या मोजणेही धोक्याचे आहे. एकच सुभग लांब शिळेपासून तुटक सुरांपर्यंत इतके वेगवेगळे आवाज काढतो, की झाडावर तीन-चार जातींचे पक्षी असावेत असे वाटते.

सर्वांत गमतीची चूक प्रणयनृत्याच्या वेळी होते. नर हवेत उसळतो, पाठीमागची पिसे फुलवून कापसाच्या गोळ्यासारखा होतो आणि गिरक्या घेत खाली येतो; नवख्याला तो जखमी होऊन पडत असल्याचा भास होतो व तो मदतीला धावतो. तसे धावू नये, कारण जवळच फांदीच्या बेचक्यात कोळिष्टकांनी लिंपलेले, वाटीएवढे घरटे असू शकते आणि ते फांदीच्या गाठीसारखे दिसत असल्याने सहसा लक्षात येत नाही.