अंकपल्लवी: परभणीचे आकडे करायचे कसे, फोडायचे कसे

महानुभाव पंथाच्या सकळ, सुंदरी या सांकेतिक लिप्या शिकायच्या तर आख्खा तक्ता पाठ पाहिजे. अंकपल्लवी म्हणजे अक्षरं आकड्यांत लिहिण्याची रीत; तिला वर्णमाला आली की भागतं, आणि नुसते आकडे असल्याने बटणाच्या फोनवरूनही कोडं पाठवता येतं.

एका अक्षराला तीन आकडे. पहिला वर्गाचा: स्वर 1, क 2, च 3, ट 4, त 5, प 6, य-र-ल-व 7, श-ष-स-ह-ळ 8. दुसरा वर्गातल्या जागेचा. तिसरा स्वराचा: अ 1, आ 2, इ 3, ई 4, उ 5, ऊ 6, ए 7, ऐ 8, ओ 9, पाय मोडलेल्या अक्षराला 0. सुटा स्वर आला तर पुढे 11 लावा, म्हणजे आ 112. अनुस्वार 900. औला जागा उरत नाही, तो अव लिहायचा; औंढ्याचं अवंढा झालं तरी कळतं.

परभणी: प 611, र 721, भ 641, णी 454.

घोळ होतो तो रफारात. नळदुर्ग लिहिताना डोळ्याला र गच्या डोक्यावर दिसतो, म्हणून हात आधी 231 लिहितो. उच्चार ऐका: र् आधी, ग नंतर. 551 851 535 720 231. क्ष म्हणजे क् आणि ष, 210 821.

एवढ्यावर थांबलात तर कोडं पाच मिनिटांत फुटतं. व्यंजनांच्या एका वर्गात पाचपेक्षा जास्त अक्षरं नाहीत आणि सुट्या स्वरात मधे 1च असतो, त्यामुळे तिघांतला मधला आकडा कधी 6 ते 9 येतच नाही. जाणत्याला तेवढं पुरे.

म्हणून वर किल्ली चढवा, म्हणजे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाच ठाऊक असलेला आकडा. समजा 7318. आकड्यांखाली ती पुन्हा पुन्हा लिहून बेरीज करा, हातचा सोडून द्या: 6 आणि 7 चे 13, लिहायचे 3. परभणी होतं 342 594 728 762. उलगडताना वजाबाकी, वरचा आकडा लहान असेल तर त्यात 10 मिळवा. किल्ली तीन किंवा सहा आकडी नको. मग तेच अक्षर ठरलेल्या एकदोन रूपांतच येत राहतं आणि कोणतं रूप किती वेळा आलं ते मोजणाऱ्याचं फावतं. चार आकडी किल्लीची घडी 12 आकड्यांनी जुळते.

फोडणाऱ्याची खरी वाट मात्र मराठीच दाखवते. वाक्य बहुतेक ‘आहे’वर संपतं, म्हणजे 112 847. शेवटच्या सहा आकड्यांतून हे वजा करा. उरलेल्यांत पहिला-पाचवा सारखे आणि दुसरा-सहावा सारखे निघाले, तर किल्ली चार आकडी असण्याचा संशय धरा आणि तीच मागे चालवून पाहा. पहिल्या दोन-तीन अक्षरांतच मराठी शब्द उमटतो किंवा कचरा. कचरा निघाला तर ‘होते’ लावून बघा, 849 517. कोडं घालणाऱ्याने यावर उपाय म्हणून क्रियापद वाक्याच्या मध्ये ढकलावं.