स्ट्रेस थॅलियम: तयारी कशी करावी, रिपोर्ट कसा वाचावा

हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोहोचतं का, हे पाहणारी ही तपासणी. नाव थॅलियमचं असलं तरी आज बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ जोडलेलं औषध शिरेतून देतात. रक्त जितकं पोहोचेल, तितकं ते हृदयाच्या स्नायूत शोषलं जातं. एकदा श्रम करताना आणि एकदा विश्रांतीत हे औषध देऊन, त्यानंतर काढलेले दोन फोटो शेजारी ठेवतात.

सर्वांत जास्त घोळ चहात होतो. आदल्या दिवसापासून २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, तेही पाहा. चालता न येणाऱ्यांना श्रमाऐवजी ॲडिनोसिन हे औषध देऊन धमन्या रुंदावतात आणि कॅफीन नेमका तोच परिणाम अडवतं. मग कमी रक्तपुरवठा लपून राहतो. दमा असेल तर आधीच सांगा. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी औषधं) मात्र मनाने कधीही थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

ट्रेडमिलवर लक्ष्य असतं २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के ठोके: साठीच्या माणसाला १३६. इंजेक्शननंतरही साधारण एक मिनिट चालत राहायचं. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच बोला.

रिपोर्टमध्ये श्रमात फिका आणि विश्रांतीत भरलेला भाग म्हणजे स्नायू जिवंत, पुरवठा अपुरा. दोन्हीकडे फिका असेल तर बहुधा जुना व्रण, म्हणजे मेलेला स्नायू. पण स्तन किंवा डायफ्रॅमची (छाती-पोटामधल्या पडद्याची) सावलीही तशीच दिसते, म्हणून त्या भागाची हालचाल तपासतात. हृदयाच्या तिन्ही मुख्य धमन्या सारख्याच अरुंद असल्या तर फोटो फसवा नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे रिपोर्ट चांगला येऊनही चालताना छाती भरून येत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.