मिसळीचा कट घरी जमवायचा तर

मी कोल्हापूरचा, बायको पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या मिसळीला मी तिला म्हणालो, "दोन चमचे चटणी घाल." तिनं फ्रिजमधून ओल्या खोबऱ्याची चटणी काढली. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात मिरच्या वाळवून डंकावर कुटून आणलेला. हा भरवशाच्या ठिकाणाहून मिळवा, बाकी सगळं वाण्याकडे मिळतं.

चार माणसांना एक वाटी मटकी. रविवारी खायची तर शुक्रवारी रात्री भिजत घाला, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा. थंडीत मोड यायला रुसतात, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून गॅसच्या शेजारी ठेवा. नखाएवढे मोड आले की बास. हळद, मीठ घालून उघड्या पातेल्यात शिजवा, दहा-बारा मिनिटं. कुकरला लावली तर तिचं पिठलं होतं. दाणा बोटात दाबल्यावर दबला पाहिजे, पण फुटता कामा नये. उपसताना वरचं पाणी टाकू नका, ते कटात जाणार आहे. पुरणाच्या डाळीचं पाणी आमटीत जातं ना, तसंच. त्यालाही आपण कटच म्हणतो.

आता वाटण. दोन मोठे कांदे सालासकट गॅसवर भाजा, बाहेरून काळे आणि आतून मऊ होईपर्यंत. सुक्या खोबऱ्याचा वाटीभर तुकडाही तसाच चिमट्यात धरून भाजा. त्याला जाळ लागतो, फुंकर मारायची, घाबरायचं नाही. तव्यावर चमचाभर तीळ आणि तेवढीच खसखस. दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर कोथिंबीर देठांसकट. कांद्याची जळकी सालं काढून सगळं गंधासारखं बारीक वाटा. वाटण भरड राहिलं तर कटात खाली गाळ बसतो.

जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी तेल. हो, अर्धी वाटी. तेलाला हात आखडणाऱ्यांनी उसळ करावी, तीही चांगली लागते. तेल तापलं की वाटण घालून मंद आचेवर परता. पाच मिनिटांत ते तेल पिऊन टाकतं आणि वाटतं, अजून घालावं. घालू नका. पंधरा मिनिटांनी रंग विटकरी होतो, कडेनं तेल सुटायला लागतं, आणि उलथनं फिरवलं की वाटणाचा गोळा पातेलं सोडून सरकतो. आता दोन चमचे चटणी, चमचाभर ब्याडगीचं तिखट. तिखट घालताना गॅस एकदम बारीक करा. ते करपलं तर कट कडू, मग त्याला इलाज नाही.

लगेच उकळतं पाणी. मटकीचं पाणी आणि वर साधं, मिळून सहा वाट्या, सगळं उकळतं. एकदा आठ माणसं जेवायला असताना घाईत मी नळाचं पाणी ओतलं. तेल मसाल्यातच बसलं, वर तर्रीचा पत्ता नाही, पाहुण्यांनी लाल आमटी गोड मानून घेतली. तेव्हापासून शेजारच्या शेगडीवर पाणी खळखळत असल्याशिवाय मी वाटण परतायलाच घेत नाही. मीठ घालून वीस मिनिटं मंद उकळू द्या, मग गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावू नका. तर्री आपोआप वर येते.

मटकी कटात ढकलू नका. ती वेगळी ठेवा, मोहरी-कढीपत्त्याची साधी फोडणी पुरे. ताटलीत आधी मटकी, त्यावर फरसाण, मग पळी वरवर फिरवून तर्री आणि खालून कट, कांदा, कोथिंबीर, लिंबू. फरसाण सगळे बसल्यावरच घालायचं. बायको खाली पोहे आणि बटाट्याची भाजी घालते, पुण्याची पद्धत. आमच्या घरात त्यावर चर्चा बंद आहे. पावाचंही तसंच: तिला पाव, मला स्लाइस ब्रेड, कोल्हापुरात मिळतो तसा जाड.

कट उरला तर दुसऱ्या दिवशी त्यात उकडलेली अंडी सोडा. आमच्याकडे तो मुद्दाम दोन वाट्या जास्तच केला जातो.