मिळालेला कंटेनर कोणत्या विनंतीचा?

हडूप या मोठ्या डेटावर काम करणाऱ्या प्रणालीत क्लस्टरची (संगणकांच्या समूहाची) मेमरी आणि सीपीयू वाटून देणाऱ्या यार्नसाठी पहिला अ‍ॅप्लिकेशन मास्टर (एका अर्जाची कामे चालवण्यासाठी कंटेनर मागणारा प्रोग्राम) लिहिला, तेव्हा माझी अशी समजूत होती की, कोणता कंटेनर (एका संगणकावरचा मेमरी-सीपीयूचा ठरावीक वाटा) कोणत्या कामासाठी आहे हे वाटप करणारा यार्नचा रिसोर्स मॅनेजरच सांगतो. प्रत्यक्षात त्याला आपल्या कामांची यादी ठाऊकच नसते; अमुक प्राधान्याचे, अमुक नोडवर (क्लस्टरमधल्या एका संगणकावर) किंवा रॅकमध्ये (एकत्र बसवलेल्या संगणकांच्या गटात), अमुक मापाचे इतके कंटेनर हवेत, एवढाच हिशेब त्याच्याकडे असतो. आलेल्या कंटेनरची विनंतीशी जोडी अ‍ॅप्लिकेशन मास्टरनेच लावायची असते आणि नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ याच भागाला द्यावा, असे मला मनापासून वाटते.

मी 1500 एमबी मेमरी आणि 2 व्हीकोअर (सीपीयूचे आभासी कोअर) मागत होतो. लॉगमध्ये मात्र ओळीमागून ओळ दिसे: मेमरी 2048, व्हीकोअर 1. माझा कोड दोन्ही मापे तंतोतंत जुळतात का, एवढेच पाहत असल्याने प्रत्येक कंटेनर परत जाई. रिसोर्स मॅनेजरच्या लेखी मागणी पुरी झालेली, माझ्या लेखी बाकी, आणि काम जागचे हलत नव्हते. रिसोर्स मॅनेजरमधला वाटप ठरवणारा भाग, म्हणजे शेड्युलर, मागणी किमान वाटपाच्या पटीत वर नेतो आणि हे किमान वाटप मूळ सेटिंगमध्ये 1024 एमबी असते, हे तेव्हा कळले. व्हीकोअरचे कारण निराळे होते: कपॅसिटी शेड्युलर या प्रकारच्या शेड्युलरचा डीफॉल्ट रिसोर्स कॅल्क्युलेटर (मापे मोजणारा भाग) फक्त मेमरी मोजतो. स्पार्क या डेटा-प्रक्रिया प्रणालीचा यार्नवरील कोडही याच कारणाने जोडी लावताना मिळालेल्या व्हीकोअरऐवजी मागितलेला आकडाच धरतो. म्हणून अशा वेळी व्हीकोअर मागितलेलेच धरून, मापे समान आहेत का, हे न पाहता मागणी मिळालेल्या मापात मावते का, हे पाहावे. क्लायंट लायब्ररीतील गेटमॅचिंगरिक्वेस्ट्स ही मेथड तिला दिलेल्या मापात मावणाऱ्या विनंत्याच शोधून देते.

जोडी लावण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी आलेले सर्व कंटेनर नोडच्या नावाने जुळवून पाहावेत, उरलेले रॅकने, आणि त्यातूनही उरलेले 'कुठेही चालेल' अशा विनंत्यांना द्यावेत. एकेक कंटेनर घेऊन तिन्ही पातळ्या तपासत गेल्यास, ज्या कामाचा डेटा एका नोडवर आहे त्याच नोडवरचा कंटेनर दुसरेच काम घेऊन बसण्याची शक्यता राहते.

जोडी लागताच ती विनंती यादीतून काढावी. आपण पाठवतो तो आकडा वाढीव मागणीचा नसून एकूण शिल्लक मागणीचा असतो, त्यामुळे जुना आकडा पुन्हा गेला की नको असलेले कंटेनर येऊ लागतात.

वेगवेगळ्या मापांच्या विनंत्यांना वेगळे प्राधान्य द्यावे. हडूपच्या मॅपरिड्यूसमध्ये मॅपचे (डेटाच्या तुकड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कामांचे) प्राधान्य 20 आणि रिड्यूसचे (त्यांचे निकाल एकत्र करणाऱ्या कामांचे) 10 असते (लहान आकडा म्हणजे वरचे प्राधान्य), त्यामुळे कंटेनर हाती येताच तो कोणत्या गटाचा आहे हे समजते. हडूप 3 मध्ये विनंतीला स्वतःचा आयडी देता येतो आणि तोच कंटेनरसोबत परत येतो; नवा कोड लिहिणाऱ्याने ही सोय जरूर वापरावी.

कशाशीही न जुळलेला कंटेनर लगेच सोडून द्यावा. वापरात न आणलेला कंटेनर रिसोर्स मॅनेजर मूळ सेटिंगनुसार 10 मिनिटांनी स्वतःच काढून घेतो, पण तोवर ती मेमरी क्लस्टरवरच्या दुसऱ्या कोणालाही मिळत नाही.