साठीनंतर मेलाटोनिन: मात्रा कशी ठरवावी

आधी मेलाटोनिनची, म्हणजे झोपेची वेळ सांभाळणाऱ्या संप्रेरकाची (हार्मोनची) गोळी कशासाठी हवी ते ठरवा. आयुष्य वाढावं म्हणून घेणार असाल, तर थांबा. मेलाटोनिननं माणसाचं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, त्यामुळे त्यासाठी 'योग्य मात्रा' असं काही नसतंच. झोप लागायला त्रास होत असेल, तर पुढे वाचा.

मग झोप कशानं मोडते ते पाहा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत तापलेलं असतं. तिथे गोळी काय करणार? आधी अंगणात अंथरूण टाका. जोराचं घोरणं, लघवीला वारंवार उठणं, संध्याकाळी उशिराचा चहा, यांवरही मेलाटोनिन हा इलाज नाही. यंत्रमागावर वर्षानुवर्षं रातपाळी केलेल्यांनी हे डॉक्टरांना जरूर सांगावं.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्त पातळ करणारी, बीपीची, शुगरची, फिटची औषधं असतील तर विचारल्याशिवाय मेलाटोनिन नको. झोपेची जुनी गोळी मनानं एकदम बंद करू नका.

आता मात्रा. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. वयानुसार ते कमी होतं. पण भरून काढायची तूट फार थोडी असते. 2001 मध्ये अमेरिकेत पन्नाशीपुढच्या, झोप न लागणाऱ्या लोकांवर झालेल्या अभ्यासात 0.3 मिलिग्रॅमनं सर्वांत चांगला गुण आला. 3 मिलिग्रॅमनं मात्र शरीराचं तापमान उतरलं आणि औषध दिवसाही रक्तात राहिलं. मेडिकलमध्ये सहसा 3, 5, 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या पुढे येतात. माझं ठाम मत आहे की ज्येष्ठांनी 5 किंवा 10 नं सुरुवात करूच नये. अर्ध्या ते एक मिलिग्रॅमची गोळी मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. युरोपात 55 वर्षांपुढच्यांसाठी मान्य असलेली हळूहळू विरघळणारी गोळीही 2 मिलिग्रॅमचीच आहे. तशी गोळी तोडू किंवा चावू नका.

झोपण्याच्या एक-दोन तास आधी घ्या, रोज त्याच वेळी. मध्यरात्री जाग आली म्हणून दुसरी घेऊ नका. नंतर खोलीतले दिवे मंद करा, मोबाइल बाजूला ठेवा. उजेडात शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन दबतं.

दोन आठवडे वहीत लिहा: किती वाजता झोप लागली, सकाळी डोकं जड होतं का, रात्री उठताना तोल गेला का. तोल जात असेल तर लगेच थांबवून डॉक्टरांना कळवा. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. गुण नसेल तर मात्रा वाढवू नका. ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा.