पाण्याकाठची जुनी आणि नवी छायाचित्रे कशी पडताळावीत

बर्मिंगहॅम शहराच्या मध्यभागी गॅस स्ट्रीट बेसिन नावाचा कालव्याचा धक्का आहे. आमचे एक मामा १९७० च्या दशकात त्या शहरात कामाला होते आणि त्यांनी बेळगावला पाठवलेल्या पाकिटांत या धक्क्याची दोन कृष्णधवल छायाचित्रे निघाली. आता भाची तिकडे राहते. तिने त्याच परिसरात मोबाईलवर टिपलेली चित्रे पाठवली, तेव्हा जुनी आणि नवी शेजारी ठेवून घरातल्या सगळ्यांनी एकच मत दिले की ओळखीचे काही उरलेले नाही. आठवडाभर नीट पाहिल्यावर ते मत टिकले नाही. पाण्याची कड, धक्क्याच्या मधला बांध आणि काठाच्या दगडांची ओळ जशीच्या तशी होती. बदलले होते ते त्यांच्या मागचे सारे. त्यानंतर हीच रीत आम्ही बेळगावातील किल्ला तलाव, कपिलेश्वर तलाव आणि टिळकवाडीतील काँग्रेस विहीर यांच्या छायाचित्रांना लावून पाहिली. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी इथे कोणाच्या घरी असे जुने फोटो असतील, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून ती रीत सविस्तर लिहीत आहे.

प्रथम जागेचा इतिहास थोडक्यात लिहून काढावा, कारण काय शोधायचे हे त्यावरूनच ठरते. बर्मिंगहॅमचा पहिला कालवा अभियंता जेम्स ब्रिंडली यांच्या आखणीनुसार १७६९ मध्ये कोळसा घेऊन शहरात पोहोचला आणि १७७२ पर्यंत पुढचा मार्ग पूर्ण झाला. नंतर दुसऱ्या कंपनीचा वूस्टर कालवा त्याला येऊन भिडला. परंतु पहिल्या कंपनीला आपले पाणी गमवायचे नसल्यामुळे दोन्ही कालव्यांच्या मध्ये सुमारे ७ फूट रुंदीचा बांध ठेवण्यात आला, आणि १८१५ मध्ये तिथे जलपाश, म्हणजे नावेला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दारांचा हौद, होईपर्यंत माल एका नावेतून उचलून दुसऱ्या नावेत टाकावा लागत असे. हा बांध आजही गॅस स्ट्रीट बेसिनच्या मधोमध आहे. १९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, मालवाहतूक आटत गेली, आणि पुढे १९९० च्या सुमारास काठावर निळ्या काचेचे उंच हॉटेल, १९९१ मध्ये परिषद केंद्र आणि त्याच दशकात ब्रिंडली यांच्याच नावाचे ब्रिंडलीप्लेस उभे राहिले. एवढी टिपणे हाताशी असली की छायाचित्रात बांध दिसतो का, हॉटेल दिसते का, असे नेमके प्रश्न विचारता येतात.

न हलणारी रेषा शोधणे

पडताळणीची सुरुवात बदललेल्या गोष्टींपासून करू नये. दोन्ही चित्रांत जी वस्तू हललेली नाही ती आधी शोधावी, आणि अशा किमान तीन वस्तू सापडेपर्यंत बाकी काहीही लिहू नये. कालव्याच्या बाबतीत पाणी हीच मोठी सोय असते. कालव्याच्या प्रत्येक टप्प्यातील पाण्याची पातळी जलपाशांच्या साहाय्याने जवळपास कायम राखलेली असते. दुरुस्तीसाठी एखादा टप्पा रिकामा केलेला नसेल, तर पन्नास वर्षांपूर्वीची पाण्याची रेषा आणि आजची रेषा बहुधा त्याच उंचीवर सापडते, आणि तिच्यावरून मागच्या इमारतींची उंचीही पडताळता येते.

आपल्याकडे मात्र पाण्यावर असा भरवसा ठेवता येत नाही. बेळगावचा बळ्ळारी नाला मे महिन्यात पाहिला आणि जुलैमध्ये पाहिला, तर तो एकच नाला आहे हे परक्या माणसाला पटणार नाही. पावसाळ्यात शहापूर आणि वडगावच्या शिवारात त्याचे पाणी कुठवर चढते हे तिथल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. म्हणून उन्हाळ्यातील जुना फोटो आणि श्रावणातील नवा फोटो शेजारी ठेवून नाला रुंद झाला किंवा अरुंद झाला असे म्हणणे चुकीचे ठरते. आपल्या तलावांसाठी आणि विहिरींसाठी पाण्याऐवजी दगडी बांधकामाला धरावे: पायऱ्यांची संख्या, कठड्याचा कोपरा, विहिरीचा काठ. पाण्यावर किती पायऱ्या उघड्या आहेत हे दोन्ही चित्रांत मोजले, की पातळीतला फरक पायऱ्यांच्या हिशेबात लिहिता येतो, आणि तो ऋतूचा फरक म्हणून वेगळा ठेवता येतो.

बर्मिंगहॅमच्या चित्रात दुसरा चांगला आधार म्हणजे नाव. तिथल्या अरुंद नावा साधारण ७ फूट रुंदीच्या असतात, कारण जलपाश त्याच मापाचे आहेत. चित्रात नाव आली की मोजपट्टी आली असे समजावे. आपल्या रेल्वेच्या चित्रांतही असे माप सापडते. मिरज–लोंढा मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला, म्हणजे रुळांमधील अंतर १ मीटरवरून १.६७६ मीटर झाले. त्यामुळे फाटकाजवळच्या जुन्या फोटोत रूळ दिसत असतील, तर त्यावरून मापही निघते आणि काळाचाही अंदाज येतो.

छायाचित्रकार कुठे उभा होता

सगळ्यांत जास्त वेळ यावर द्यावा. ही पायरी चुकली तर पुढची सगळी तुलना वाया जाते, आणि पाहिलेल्या बहुतेक जोड्यांत चूक इथेच झालेली असते.

जुन्या चित्रात एक जवळची आणि एक दूरची अशा दोन वस्तू निवडाव्यात, ज्यांच्या कडा एकमेकींना टेकलेल्या दिसतात. समजा, तलावाच्या कठड्याच्या खांबाची उजवी कड आणि मागच्या मंदिराच्या शिखराचे टोक एका उभ्या रेषेत आहे. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्यावर शिखर खांबाच्या उजवीकडे सरकलेले दिसले, तर आपण उजवीकडे आलो आहोत असे समजून डावीकडे पाऊल टाकावे. शिखर डावीकडे गेले तर उजवीकडे सरकावे. कडा जुळल्या की छायाचित्रकार ज्या रेषेवर उभा होता ती रेषा मिळते. त्या रेषेवर पुढे-मागे किती, हे ठरवायला अशीच दुसरी जोडी चित्राच्या दुसऱ्या टोकाला शोधावी. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळतील ती जागा एकच असते. आम्ही हे छापील प्रत हातात धरून केले. मोबाईलच्या पडद्यावरचे चित्र उन्हात दिसत नाही.

भाचीच्या पहिल्या चित्रांत हीच अडचण होती. ती बांधापासून फार जवळ उभी होती, म्हणून नावा प्रचंड आणि मागच्या इमारती ठेंगण्या दिसत होत्या, आणि त्यावरून मागच्या बाजूच्या जुन्या गोदामांचे मजले कमी केले असावेत असा चुकीचा निष्कर्ष आम्ही काढला होता. मोबाईलची मुख्य भिंग रुंद क्षेत्र पकडते, म्हणून जुन्या चित्राएवढीच चौकट भरण्यासाठी माणूस आपोआप पुढे जातो. परंतु जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे एकमेकांशी प्रमाण भिंगावर ठरत नाही, ते उभे राहण्याच्या जागेवर ठरते. म्हणून जुन्या जागेवरच उभे राहावे, चित्र मोठे येऊ द्यावे आणि नंतर कडा कापून चौकट जुळवावी. दुसऱ्या खेपेला तिने तसे केले, आणि गोदामाचे मजले बरोबर निघाले.

उंचीचाही विचार करावा. सपाट जागेवर उभ्या असलेल्या माणसांची डोकी जवळ असोत वा दूर, एकाच आडव्या रेषेवर येत असतील, तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर होता. तीच रेषा माणसांच्या कमरेतून जात असेल, तर वरून काचेत पाहण्याचा जुना पेटीसारखा कॅमेरा वापरलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि नवा फोटो काढतानाही मोबाईल कमरेशी धरावा लागेल. उंच इमारत बसत नाही म्हणून मोबाईल वर तिरका करू नये. भिंती आत झुकतात आणि जुन्या चित्राशी काहीच जुळत नाही. मोबाईल सरळ धरून खालची जास्तीची जमीन नंतर कापावी.

इथे एक अनुभव सांगणे भाग आहे. किल्ला तलावाच्या काठी काढलेले आमच्या घरातले एक चित्र दोन रविवार जागेवर जाऊनही जुळेना. तट एका बाजूला यायला हवा, तर तो दुसऱ्याच बाजूला यायचा. शेवटी वडिलांच्या सदऱ्याची बटणपट्टी उलट्या बाजूची दिसली आणि उलगडा झाला: फोटो छापून देणाऱ्या स्टुडिओने निगेटिव्ह पालथी ठेवली होती. त्या प्रतीवर विसंबून घरातल्या थोरांनी तलावाच्या भलत्याच काठाच्या आठवणी सांगितल्या होत्या, आणि याचे मला फार वाईट वाटले. म्हणून पाट्यांवरची अक्षरे, सदऱ्याची बटणे आणि मनगटावरचे घड्याळ ही तपासणी सर्वांत आधी करावी.

काळ ठरवणे

फोटोच्या मागे लिहिलेले वर्ष हा पुरावा मानू नये; ते बऱ्याचदा फोटो पाठवल्याचे किंवा अल्बममध्ये लावल्याचे असते. चित्रातल्या वस्तूंवरून 'याच्यानंतरचे' आणि 'याच्या आधीचे' अशा दोन मर्यादा काढाव्यात. आपल्या भागात यासाठी चांगली साधने आहेत. वाहनावर केए २२ अशी बेळगावच्या नोंदणीची पाटी दिसली, तर चित्र १९८९ नंतरचे. पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल, तर १९७२ च्या आधीचे नाही. दुकानाच्या पत्त्यात म्हैसूर राज्य असेल, तर ती पाटी १ नोव्हेंबर १९५६ ते १ नोव्हेंबर १९७३ या काळात रंगवली गेली असे धरता येते. सरकारी फलकावर इंग्रजीत बेळगावी असे नवे नाव असेल, तर नोव्हेंबर २०१४ नंतरचे. उलट बाजूने मात्र सावध राहावे: पाट्या वर्षानुवर्षे बदलत नाहीत, म्हणून जुने नाव दिसले याचा अर्थ चित्र जुनेच आहे असा होत नाही. बर्मिंगहॅमच्या कालव्यांचे व्यवस्थापन २०१२ मध्ये सरकारी संस्थेकडून धर्मादाय न्यासाकडे गेले, तिथल्या फलकांनाही हाच नियम लागू होतो.

एखादी वस्तू दिसत नाही यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी ती दिशा चौकटीत आहे का हे पाहावे. किल्ला तलावाजवळचा ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ २०१८ मध्ये उभा राहिला. पण चित्र विरुद्ध दिशेला तोंड करून काढले असेल, तर स्तंभ नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

जुन्या धाटणीची वस्तू जुनीच असते असेही नाही. पुनर्विकासात बिडाचे दिवे आणि कमानीचे पूल नव्याने घडवून बसवले जातात. खरा जुना कालवापूल ओळखायचा असेल, तर त्याच्या कोपऱ्याजवळ जाऊन पाहावे. घोडे काठाने चालत नावा ओढत, आणि ओल्या, वाळू चिकटलेल्या दोराने घासून घासून लोखंडात व दगडात बोटभर खोल चरे पडले आहेत. भाचीने अशा एका कोपऱ्याचे जवळून चित्र काढले, त्यात एकमेकींवर सात-आठ खाचा मोजता येतात. आपल्या विहिरींच्या काठावर पोहऱ्याच्या दोराच्या खाचा असतात, त्या याच जातीच्या. नव्या बांधकामात त्या दिसत नाहीत.

ऊन, सावली आणि रंग

सावलीवरून वेळ आणि ऋतू कळतो, मात्र दोन्ही गावांचा सूर्य सारखा नाही. बर्मिंगहॅममध्ये हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो, त्यामुळे लांब सावली म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ असे तिथे म्हणता येत नाही. बेळगावात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. बाकी वर्षभर ती उत्तरेला पडते. जुन्या चित्रातील ऋतू कळला की नवे चित्र शक्यतो त्याच महिन्यात, त्याच वेळी काढावे.

तुलना दाखवताना नवे चित्रही कृष्णधवल करून ठेवावे, असा माझा आग्रह आहे. काळपट, डागाळलेल्या कागदाशेजारी निळ्या आकाशाचे रंगीत चित्र ठेवले, की जुने ते गलिच्छ आणि नवे ते स्वच्छ असा निकाल पाहणाऱ्याच्या मनात आधीच लागतो. दोन्ही राखाडी केल्यावर डोळा आकारांकडे वळतो. आमच्या जोडीत तेव्हा प्रथमच लक्षात आले की जुन्या धक्क्यावर माणसे काम करत आहेत, वाकलेली आहेत, आणि नव्या चित्रात सगळी बसलेली किंवा चालत चाललेली आहेत.

संगणकावर जुळवताना मूळ प्रतीला हात लावू नये. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावा, मागची बाजूही स्कॅन करावी, आणि मागे काही लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलने लिहावे. गिंपसारख्या मोफत प्रणालीत एक चित्र दुसऱ्यावर ठेवून वरच्याची अपारदर्शकता निम्मी करावी आणि न हलणाऱ्या दोन वस्तू एकमेकींवर आणाव्यात. तिसरी वस्तू आपोआप बसली तर जागा बरोबर होती. ती बसावी म्हणून चित्र एकाच दिशेने ताणू नये. पुन्हा जागेवर जावे. किल्ल्याच्या परिसरात लष्कराच्या ताब्यातील भाग आहे, तिथे कॅमेरा काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

शेवटी नोंद लिहावी, आणि तीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: जे दोन्ही चित्रांत दिसते, जे बदललेले दिसते, आणि जे केवळ ऐकीव आहे. कपिलेश्वर मंदिराजवळ रेल्वे फाटक होते आणि आता उड्डाणपूल आहे, हे चित्रात दिसते. त्या फाटकावर ताटकळणाऱ्या गर्दीवर कोणाचा चहाचा गाडा चालायचा, हे विचारूनच कळते. ते सांगणाऱ्याच्या शब्दांत, सांगितल्याच्या तारखेसह, खाली लिहावे. सोबत उभे राहण्याची जागा अशी लिहावी की दहा वर्षांनी दुसऱ्याला तिथे पोहोचता येईल: कोणत्या कठड्यापासून किती पावले, तोंड कोणत्या दिशेला, मोबाईल किती उंचीवर, महिना कोणता आणि पाण्यावर किती पायऱ्या उघड्या होत्या.